गावच्या उशाला पडून असलेली सरकारी जागा पंचायतीकडे कशी आणायची? (बेळगाव तालुका)

शिवारवाट

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. दोन महिने डोक्यात दुसरं काही नाही.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला. गावात शिरताना डाव्या हाताला एक सरकारी जागा आहे, उताऱ्यावर 3 एकर 12 गुंठे. पन्नासेक वर्षांपूर्वी एका खात्यानं तिथं कामगारांच्या खोल्या आणि सिमेंटचं गोदाम बांधलं होतं. काम संपलं, माणसं गेली. मी शाळेत होतो तेव्हा वर पत्रे तरी होते. आता भिंती कंबरेएवढ्या उरल्यात आणि घाणेरी, रानमोडी अशी माजलीय की पावसाळ्यात आत पाय टाकवत नाही. गेल्या आषाढात सरपणाला गेलेल्या एका आजीला तिथंच फुरसं चावलं. वाचली बिचारी, पण पाय अजून सुजतो.

आणि त्याच गावात अंगणवाडी भरते देवळाच्या सभामंडपात. 23 पोरं. सप्ताह बसला की आठ दिवस पोरांनी जायचं कुठं? मदतनीस अक्का स्वतःच्या घरी भात-सांबार शिजवते आणि पातेलं डोक्यावर घेऊन चढण चढते. परवा तिच्या मागून चालत होतो. पातेल्याखालची चुंबळ घामानं भिजली होती. देवळाच्या पायरीवर तिनं पातेलं उतरवलं आणि तिथून समोर बघितलं तर ती 3 एकर 12 गुंठ्यांची रानमोडी.

उतारा काढला. 9 नंबर कॉलमला (मालकाचा) ‘सरकार’, 11 नंबर कॉलमला (इतर हक्क-बोज्याचा) त्या खात्याचं नाव. एका कचेरीत गेलो तर म्हणाले, जागा महसूलची, आम्हाला विचारू नका. महसूलवाले म्हणाले, खात्यानं सोडल्याचं पत्र आणा. तीन चकरा झाल्या.

माझं म्हणणं असं आहे: वीस-तीस वर्षं सरकारनं ज्या जागेकडे वळून बघितलं नाही ती त्या गावच्या पंचायतीला वापरायला द्यावी. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीनं पंचायतींसाठी 29 विषयांची यादी केली. शाळा, आरोग्य, चारा-सरपण, सार्वजनिक मालमत्तेची देखभाल सगळं त्यात आहे. पण हे सगळं उभं करायला पायाखाली जागा कुठं आहे? आमच्या पंचायतीला कचरा वेगळा करायची शेडसुद्धा बांधता येईना, तो ओढ्याच्या काठाला पडतो.

कुणी असं काम तडीस नेलं असेल तर वाट दाखवा.

निपाणीकर

+1. आमच्याकडंही अशा दोन जागा आहेत. वाचतोय.

शंकूसाखळी

शिवारवाट, तळमळ पोचली. मी भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तीस वर्षं साखळी ओढली, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

‘सरकारी जागा’ हा एकच शब्द आहे, पण त्याच्या पोटात चार-पाच जातीच्या जमिनी असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी. गायरान असतं. खराबा, म्हणजे लागवडीत न धरलेली जागा असते, त्यातही ‘अ’ आणि ‘ब’. ‘ब’ खराबा म्हणजे रस्ता, नाला, गाडीवाट, मसणवाट अशा सार्वजनिक कामाची जागा, तिला हात लावता येत नाही. मग एखाद्या खात्याला नेमून दिलेली जागा, जशी तुमची दिसते. आणि खानापूरकडं गेलात की फॉरेस्ट. आपली जागा यातली कुठली हे कळल्याशिवाय अर्ज लिहू नका, नाहीतर तो टेबलाटेबलावर फिरत राहील.

1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्यात कलम 67 म्हणतं, जी जमीन दुसऱ्या कुणाची नाही ती राज्य सरकारची. कलम 71 म्हणतं, अशी जमीन चराईला किंवा इतर सार्वजनिक कामाला राखून ठेवायचा अधिकार डीसींना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तुमचं काम या 71 च्या दारातून होईल. पण तुमच्या जागेवर खात्याचं नाव चढलंय. म्हणून आधी खात्यानं ‘आम्हाला गरज नाही’ असं लेखी देऊन ती महसूलकडं परत करायला हवी. त्यानंतर पंचायतीचा ठराव, तहसीलदारांकडं अर्ज, तलाठी आणि सर्कलचा जागेवरचा महजर (पंचनामा), सर्व्हेचा नकाशा, प्रांतांची शिफारस, डीसींचा हुकूम. हुकूम झाला की उताऱ्यावर नोंद. ही शेवटची पायरी लोक विसरतात. हुकूम कपाटात पडून राहतो, 11 नंबर कॉलम तसाच राहतो आणि वीस वर्षांनी पुन्हा भांडण.

अर्जाच्या आधी चार कागद काढा: चालू उतारा, आकारबंद (सर्व्हे नंबरांच्या क्षेत्राची नोंदवही), टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), गाव नकाशा. आकारबंदातलं क्षेत्र आणि उताऱ्यातलं क्षेत्र जुळतंय का बघा. पन्नास वर्षांत रस्ता रुंद झाला असेल तर 3 एकर 12 गुंठे जाग्यावर भरणार नाहीत. मोबाईलवर दिशांक ॲप घालून जागेवर उभे राहिलात तर सर्व्हे नंबर दिसतो. त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही, पण आपण योग्य बांधावर उभे आहोत एवढं कळतं.

आणि एक महत्त्वाचं. ती जागा खात्याकडं आली कशी हे शोधा. गायरानातून दिली होती, की कुणा शेतकऱ्याकडून घेतली होती? शेतकऱ्याकडून घेतली असेल तर त्याची नातवंडं आज गावातच असतील. त्यांना विश्वासात न घेता ठराव केलात तर पहिली हरकत त्यांचीच येईल, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवणार नाही.

चाफेकळी

शंकूसाखळी काका, तुमचा प्रतिसाद मी छापून पंचायतीच्या फाईलला लावतेय.

मी खानापूर तालुक्यातल्या एका पंचायतीची सदस्य. आमच्याकडं जागेला तोटा नाही, पण जिथं बोट ठेवावं तिथं जंगल. शिवारवाट दादा, तुमच्या उपयोगाचं नसेल, पण खानापूरचे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ता अशा 13 सोयींसाठी वनजमीन मिळू शकते. दर सोयीला 1 हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एरवी 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली फाईल केंद्राच्या मंजुरीला जाते, ही त्यातून गावासाठी ठेवलेली वाट आहे. आम्ही दोन वर्षं ‘फॉरेस्टची जागा, होणार नाही’ एवढंच ऐकत होतो. ही तरतूद कुणीही आपणहून सांगितली नाही. वाड्यावरच्या एका शिक्षिकेनं वाचून आणली.

आमच्या ग्रामसभेला त्या दिवशी बायकाच जास्त होत्या. टाकीसाठी जागा हवी म्हटल्यावर एकही हात खाली राहिला नाही. सहीच्या वेळी शाईचा डबा संपला, तर एकीनं चुलीतली काजळी तेलात कालवून आणली. ते अंगठे आमच्या फाईलला अजून काळेकुट्ट दिसतात.

मेंढवाडा

सगळे ‘पडीक पडीक’ म्हणताय म्हणून लिहितो. आम्ही धनगर. आमच्या घरी 80 मेंढरं. तुम्ही जिला पडीक म्हणता त्या जागेवर आमची मेंढरं दिवाळीपासून होळीपर्यंत चरतात. तिथं कुंपण पडलं की आम्हाला कुणी विचारत नाही, कारण उताऱ्यावर आमचं नाव कुठंच नसतं.

कर्नाटकाच्या 1966 च्या महसूल नियमांत, 97 व्या नियमात, 100 जनावरांमागं 12 हेक्टर चराई राखून ठेवायला सांगितलंय. आता गंमत नाही हो, जीव जायची गोष्ट आहे: गावातली जनावरं मोजताना कमी मोजली की गायरान ‘जास्त’ ठरतं, आणि जास्त ठरलेलं वाटून टाकता येतं. जनावरं मोजायला माणूस येतो तेव्हा आमचा कळप रानात असतो. मग कागदावर आम्ही नाहीच.

शिवारवाट, अंगणवाडी व्हायलाच पाहिजे, माझी नात त्याच वयाची आहे. पण 3 एकर सगळं कशाला लागतंय अंगणवाडीला?

शिवारवाट

मेंढवाडा मामा, खरं सांगतो, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याही त्या जागेच्या वरच्या अंगाला दोन कळप येतात. मी रोज बघतो आणि तरी वर ‘वळून बघितलं नाही’ असं लिहून बसलो. सरकारनं नसेल बघितलं, पण ती जागा रिकामी नव्हती. उद्या त्यांच्या वाड्यावर जाऊन बसतो.

निपाणीकर

एक शंका मनात आहे ती बोलतो. जागा पंचायतीच्या हातात दिली की राहील का? आज सरकारचं नाव आहे म्हणून तरी कुणी हात लावत नाही. पंचायतीत पाच वर्षांनी माणसं बदलतात. पहिल्यानं अंगणवाडी म्हणून घेतली, दुसऱ्यानं गाळे काढले, तिसऱ्यानं गाळे आपल्या माणसांना दिले, असं आमच्या शेजारच्या एका गावात डोळ्यांदेखत झालंय. तिथं मुलांना खेळायला राखलेल्या जागेत आज मोटरसायकली लावतात.

शंकूसाखळी

निपाणीकर, शंका रास्त आहे. दोन कुलपं आहेत. पंचायतीला स्थावर मालमत्ता विकायला वरची मंजुरी लागते, हे एक. दुसरं, डीसींच्या हुकुमातच कारण आणि अट लिहून घ्यायची: अमुक कामासाठी, विकायची नाही, गहाण टाकायची नाही, दुसऱ्या कामाला वापरली तर सरकारजमा. ही अट उताऱ्याच्या 11 नंबर कॉलमला चढवून घ्या. मग सात वर्षांनी येणाऱ्या पीडीओलाही (पंचायत विकास अधिकाऱ्याला) ती दिसेल आणि गावातल्या शाळकरी पोरालाही.

मी नोकरीत असताना बघितलंय, ज्या गावानं ‘सार्वजनिक उपयोगासाठी’ एवढंच मोघम लिहून जागा घेतली तिथंच गाळे उठले. ज्यांनी ‘अंगणवाडी, 5 गुंठे, नकाशात अ-ब-क-ड’ असं लिहिलं त्यांची जागा अजून शाबूत आहे. 1 गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. पाच गुंठ्यांत अंगणवाडी, स्वयंपाकघर आणि पोरांना पळायला अंगण आरामात बसतं.

सीमेपल्याड

मी चंदगड तालुक्यातला, सासुरवाडी बेळगावात. आमच्या महाराष्ट्रात गायरानाचं दुखणं फार वेगळं नाही. सुप्रीम कोर्टानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग खटल्यात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावच्या तळ्याच्या जागेवर घरं उठली होती, त्यावरचा खटला. कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्या. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनं 12 जुलै 2011 ला जी.आर. काढला. दुसरी जागा मिळतच नसेल तेव्हाच सार्वजनिक कामाला गायरान द्यायचं, असा त्याचा रोख. तो निकाल तुमच्या राज्यालाही लागू आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा, वजन येतं.

ओलीताची दोन एकर

तो निकाल वाचला की आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या आज्जानं दगड वेचून जी जमीन केली ती सरकारी पडच होती. आम्ही बगैर हुकूम, म्हणजे सरकारी मंजुरीशिवाय कसतोय. अशी जमीन नावावर करून मागायचा अर्ज म्हणून आधी फॉर्म 50 निघाला तेव्हा आज्जाला कुणी सांगितलं नाही. फॉर्म 53 वडिलांनी भरला, पोचपावती घरात आहे, पुढं काही नाही. 2018 साली फॉर्म 57 मी भरला. महापालिकेच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत जमीन असली की मंजूर होत नाही, हे मला फॉर्म भरल्यावर कळलं. आम्ही आत येतो.

आता उद्या आमच्या पंचायतीनं ‘सरकारी जमीन पंचायतीला द्या’ असा सरसकट ठराव केला तर आमच्या दोन एकरांचं काय? अंगणवाडीला माझा विरोध नाही. सरसकट या शब्दाची भीती वाटते.

चाफेकळी

दादा, त्याच निकालात कोर्टानं भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींना, आणि आधीच शाळा-दवाखाना असलेल्या जागांना अपवाद ठेवलाय. तुमचा अर्ज प्रलंबित आहे, तर 53 ची पोचपावती लॅमिनेट करून ठेवा आणि तिची झेरॉक्स पंचायतीला आजच देऊन पोच घ्या. ठराव होईल तेव्हा तुमचा सर्व्हे नंबर वगळा म्हणून लेखी मागणी करा. तोंडी सांगितलेलं ठरावाच्या वहीत येत नाही, हे मी सदस्य म्हणून सांगते.

कँपातली खिडकी

जरा वेगळ्या सरकारी जमिनीबद्दल. आम्ही बेळगाव कँपात राहतो, चार पिढ्या. इथली छावणी 1832 पासूनची. आमच्या नळाचं, गटाराचं, शाळेचं काम कँटोन्मेंट बोर्डाकडं, म्हणजे केंद्राच्या संरक्षण खात्याखाली. देशभरातल्या छावण्यांचे नागरी भाग जवळच्या नगरपालिकांना जोडायचं केंद्रानं ठरवलंय, हिमाचलमधली योल छावणी 2023 मध्ये पहिली सुटली. नागरी सोयींच्या मालमत्ता, म्हणजे दवाखाना, पाण्याची व्यवस्था, शाळा वगैरे, स्थानिक संस्थेकडं विनामोबदला जाणार आणि लष्करी भागाची मालकी केंद्राकडंच राहणार, असं ते धोरण आहे.

आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. महापालिकेत गेलो की घराला परवानगी मिळणं सोपं होईल असं तरुण म्हणतात. आमची आई म्हणते, कँपातली झाडं आणि स्वच्छता राहील का? मला तिचं पटतं. जमीन कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते त्यासोबत झाडांची यादीही हस्तांतरणाच्या कागदात लिहिलेली असावी. आमच्या दारातली चिंच माझ्या पणजीनं बघितलेली आहे.

वडगावचा रयत

इथं दुसरी बाजू कुणी मांडली नाही म्हणून मांडतो. हलगा-मच्छे बायपाससाठी आमच्या वडगाव, शहापूर, येळ्ळूर, अनगोळ शिवारातली पिकाऊ जमीन घेतायत. बासमतीचा वास येणारी जमीन हो. भर उभ्या पिकात यंत्रं घातलेली आम्ही बघितली आहेत. तेव्हा मनात येतं, सरकारच्या किती जागा अशा रानमोडीखाली पडून आहेत याची गाववार यादी आधी भिंतीवर लावा, मग शेतकऱ्याच्या बांधावर या. आता तलाठ्यांना सरकारी जागांवर फिरून नोंद करायला लँड बीट ॲप दिलंय. म्हणजे यादी आहे. ती कन्नडमध्ये आणि मराठीतही पंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.

शिवारवाट

वडगावच्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. भाषेचं निघालंच म्हणून सांगतो. आमच्या ग्रामसभेची नोटीस कन्नडमध्ये निघाली. मला वाचता येतं, सहीपुरतं सगळ्यांना येतं, पण त्यात ‘सरकारी जागेबाबत चर्चा’ अशी ओळ आहे हे म्हाताऱ्या मंडळींना कळलं नाही. पहिल्या सभेला 14 माणसं आली. मग पीडीओ मॅडमना भेटून विनंती केली. त्या कन्नड, धारवाडकडच्या, पण त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, तुम्ही मराठी मजकूर द्या, मी शेजारी लावते. दुसऱ्या सभेला देवळाचं पटांगण भरलं.

चाफेकळी

हक्कही आहे तो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या असं ठरलेलं आहे. आणि घटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडता येतं. पण तुमच्या मॅडमसारखं माणूस भेटलं तर कलम काढायची वेळ येत नाही. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

शिवारवाट

मंडळी, दीड महिन्यानंतर येतोय.

मोजणी झाली. शंकूसाखळी काकांचं खरं ठरलं. जागेवर 3 एकर 4 गुंठेच भरले, 8 गुंठे रस्त्यात गेलेत. पूर्वेकडचा हद्दीचा दगड सापडेना. दोन तास घाणेरी तोडली, शेवटी एका गोठ्याच्या चौथऱ्यात पायरी म्हणून बसवलेला निघाला. गोठ्याचा मालक गोरामोरा झाला. कुणी त्याला बोललं नाही. त्यानं स्वतः पहार आणून दगड काढला आणि सर्व्हेअरनं दाखवलेल्या जागी पुरला. वर चुना मारला.

मेंढपाळांच्या वाड्यावर तीनदा जाऊन आलो. त्यांच्यातला म्हातारा जागेवर आला आणि काठीनं रेघ ओढत गेला: इथून आमची वाट, इथं पाणी पितात. ती रेघ आम्ही सर्व्हेअरकडून नकाशात घातली. ठराव असा झालाय: अंगणवाडीला 5 गुंठे, कचऱ्याच्या शेडला खालच्या कोपऱ्यात 6 गुंठे, वाट आणि वरचा तुकडा चराईसाठी राखीव, उरलेल्या जागेवर सध्या काहीच नाही. विकायची नाही ही अट ठरावातच आहे. खात्याकडून जागा सोडल्याचं पत्र अजून यायचंय. तिथले एक साहेब आता फाईल उघडून बसतात एवढं नक्की.

पण एक अडचण उरलीय. जागा खात्याकडं यायच्या आधी कुणाची होती, ते कळेना. एका घरातून जुना कागद मिळालाय, त्यांच्या पणज्याचं नाव त्यात आहे म्हणतात, पण तो मोडी लिपीत आहे आणि खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. ते घर म्हणतं, आमची जमीन असेल तर अंगणवाडीला पणज्याचं नाव द्या, दुसरं काही नको. ठराव पुढं पाठवायच्या आधी हे नीट कळायला हवं. मोडी वाचणारं कुणी आहे का इथं?

कँपातली खिडकी

आईला येते. फोटो टाका. उजेडात काढा आणि खालचा कोपरा वेगळा, जवळून.